जयाचा नमुना

मंगळवार, १८ नोव्हेंबर २०२५. सकाळी धुकं. नळ उशिरा आला. दुपारी जया आली ती हातची ऑर्डर सोडायच्या बेतात.

जया धरमपेठेतल्या घरांतून जुने कपडे नेते. तिची आई टोपलीत भांडी घेऊन यायची आणि जुन्या लुगड्यांवर पातेलं द्यायची. जयाने भांडी सोडून स्कूटी घेतली. कन्हानच्या तिच्या खोलीत कपड्यांची बटणं निघतात, चौकोनी तुकडे होतात आणि यंत्रं पुसायला कारखान्यांत जातात. कुणी चिंधीवाली म्हटलं की म्हणते, "चिंधीवरच तं पोरगी इंजिनेर होऊन राहिली."

आज तिने मोबाइल माझ्यापुढे धरला. पुण्याच्या कारखान्याचा इंग्रजी निरोप होता. संध्याकाळपर्यंत नमुना दाखवला नाही, तर वर्षभराचं काम दुसऱ्याला.

"मोबाइलनं मराठी करून देल्लं. फाटकं चालते, फाटकं चालत नाही, फाटकं नको! पिऊन लिहिलं काय वं आजी यानं?"

मी मूळ निरोप वाचला. तीन फाटक्यांच्या जागी तीन वेगळे शब्द होते: टॉर्न चालेल, फ्रेड चालणार नाही, श्रेड नको. शाळेत सिस्टरांनी आमच्याकडून शब्दांची कुळं घोकून घेतली होती, ती अजून विसरले नाही. टॉर्न म्हणजे ओढून फाडलेलं. त्या शब्दाचं दूरचं नातं कातडं सोलण्याशी. श्रेड म्हणजे मुळात कापून पडलेला तुकडा. आणि फ्रेड आलं लॅटिनमधल्या घासण्यावरून.

"घासून कुठं फाटते?"

मी कपाटातून यांचा पांढरा शर्ट काढला. हे जाऊन बरीच वर्षं झाली, शर्ट तसेच होते. मानेला घासून कॉलरचे दोरे सुटले होते, पाठ मात्र धड होती.

जयाने कॉलरवर अंगठा फिरवला. "मंग विरलेलं म्हणा नं! दोरे यंत्रात जाते, म्हणून नको त्याले. अन् श्रेड म्हणजे कातरण."

"बरोबर."

"अन् चिंधीले काय म्हणते?"

"रॅग. उत्तरेकडच्या जुन्या भाषेत त्याचा अर्थ केसांचा झुबका."

"घ्या! इंग्रजाची चिंधी डोक्यावरून आली."

मग तिने हातातला शर्ट उलटून पाहिला. "नमुन्याले पाठ चांगली आहे. फाडू काय?"

"फाड."

तिने कॉलर कातरून वेगळी केली, पाठीच्या कडेला दात लावला आणि ओढलं. विणीबरोबर सरळ फाटत गेलं, एक दोरा लोंबला नाही. त्याचा व्हिडिओ मी काढला आणि खाली इंग्रजीत लिहिलं: टॉर्न, नॉट फ्रेड.

चहा होईस्तोवर उत्तर आलं. सोमवारपासून माल पाठवा.

"बाकीचे शर्ट?" जयाने हळूच विचारलं.

"ने. कॉलरी तेवढ्या काढ."

संध्याकाळी कपाटातला शर्टांचा रिकामा झालेला खण पुसला. त्यात हिवाळ्याच्या रजया ठेवल्या.