रंभाजी गवंड्याची भाड्याची खोली

रंभाजी गवंडी तसा अबोल. पण भिंत सरळ आली की ओळंबा गुंडाळून दोन पावलं मागं सरायचा आणि स्वतःशीच "हां, आता कसं!" म्हणायचा. निम्म्या नव्या पेठेत त्याच्या हातच्या भिंती. गाव नगर जिल्ह्यातलं, तालुक्याचं, साखर कारखाना आल्यापासून चांगलंच फुगलेलं. कारखान्याचे कारकून, शाळेतले मास्तर, एसटीचे कंडक्टर भाड्याची खोली शोधत गल्लोगल्ली हिंडत. म्हणून सत्तर साली रंभाजीनं पेठेच्या टोकाला स्वतःचं घर बांधलं, तेव्हा रस्त्याकडेला एक जास्तीची खोली काढली. पक्क्या विटा, चुन्याचं काम, वेगळं दार. पावसाळ्यात गवंड्याच्या हाताला काम नसतं, तेवढे दिवस भाड्यावर निघतील असा विचार. बायको विमलबाईनं वाळूच्या पाट्या डोक्यावर वाहिल्या.

आता म्हणाल, खोली बघायला कुणी आलं का नाही? आले की! मास्तर आला, कंपाउंडर आला, कारखान्याचा टायपिस्ट बायकोला घेऊन आला. खोली बघून जो तो खूश. मग ओट्यावर टेकायचं, तोवर विमलबाई पाण्याचा तांब्या आणायची, आणि पाहुणा सहज विचारल्यासारखं विचारायचा, "आडनाव काय म्हणालात?" रंभाजी सांगायचा. नसतं सांगितलं तरी आतल्या भिंतीवर बुद्धाची तसबीर दिसत होतीच. मग पाहुण्याला एकदम कसली तरी घाई व्हायची. तांब्या भरलेलाच राहायचा. "कळवतो हं," म्हणून जो जायचा तो जायचाच. अरे मेल्यांनो, निदान कळवायचं तरी!

"त्येंची बदली झाली," असं रंभाजी विमलबाईला सांगायचा. ती "आसंल" म्हणून चुलीकडं वळायची. सरकारनं त्या साली खरंच इतक्या बदल्या केल्या असत्या तर गावातल्या कचेऱ्या ओस पडल्या असत्या. दोघांनाही सगळं ठाऊक होतं, पण बोलायचं कुणी?

पुढच्या साली नगरपालिकेचा कारकून नवी घरपट्टी ठरवायला आला. घराला भाडं किती येऊ शकेल, त्यावर पट्टी. शेजारी गहिनीनाथाची खोली तेवढीच, तिथं भाडेकरू कायमचा. कारकुनानं गहिनीनाथाचं भाडं रंभाजीच्या नावापुढं लिहिलं आणि चालता झाला. बघा म्हणजे! एरवी सगळं गाव रंभाजीला वेगळं मोजणार, पट्टी लावताना मात्र शेजाऱ्याच्या मांडीला मांडी लावून बसवणार. नोटीस हातात धरून रंभाजी ओट्यावर बसून राहिला. एक पैसा भाडं न येता त्या भाड्यावरची पट्टी भरायची. नाही भरली तर जप्ती, आधी भांडीकुंडी आणि मग घर. त्यानं हरकतीचा अर्ज दिला.

सुनावणीला नवराबायको दोघं गेली. कमिटीत तिघं होते, त्यातले एक श्रीमंतराव. त्यांचा बंगला रंभाजीनंच बांधलेला. माणूस वाईट नव्हता, आणि तेच अवघड होतं. त्यांनी रंभाजीला व्हरांड्यात बाजूला घेतलं.

"रंभाजी, तू फक्त एवढंच बोल, की माझ्या घरात भाड्यानं कुणी येत नाही. पट्टी खाली आणतो, माझा शब्द."

जे रंभाजी घरात बायकोपुढं कधी बोलला नव्हता, ते आता तिच्या देखत, चारचौघांत बोलायचं. आत गेल्यावर तो खाली मान घालून उभा राहिला. अध्यक्षांनी विचारलं, "भाडं का येत नाही?"

"आमी बौद्ध हाय म्हनून, साहेब."

बोलून गेला बिचारा. आपणच आपल्या घरावर थुंकलो असं त्याला वाटलं. विमलबाईनं पदर तोंडाशी धरला. कमिटीतले सगळे समोरच्या कागदांत डोळे घालून बसले.

"ठीक आहे, कमी करू," अध्यक्ष म्हणाले. "पण असं कारण लिहिता येणार नाही हो. कायदा आहे. गावात अजून असलं चालतं असं आम्हीच लेखी दिलं, तर उद्या आमच्यावर बालंट. बांधकाम निकृष्ट म्हणून पट्टी कमी, असं लिहितो. करा सही."

रंभाजीची मान झटक्यात वर आली. "न्हाई साहेब! घर निकृष्ट न्हाई. माज्या हातचं हाय त्ये."

"अरे, कागदावरच तर!" श्रीमंतराव कळवळून म्हणाले. "तुझं काय जातंय?"

काय जातंय? ज्या गवंड्याचं स्वतःचं घर निकृष्ट, त्याला उद्या भिंत कोण देणार? आणि खरं सांगायचं तर कामाचीही गोष्ट नव्हती. आडनाव बदनाम होतंच, एक हात तेवढा राहिला होता. तोही ह्यांना लिहून द्यायचा? "खरं कारन लिवा, न्हाईतर काईच लिवू नका," तो म्हणाला. मग त्यांनी लिहिलं. बांधकाम उत्तम असल्याचे अर्जदारास मान्य, सबब हरकत फेटाळली. त्याच्याच शब्दांनी त्याला बांधलं.

बाहेर कारकून हळूच म्हणाला, "खोलीच नसली तर खोलीची पट्टी नाही. तेवढंच तुमच्या हातात आहे."

पट्टी भरली तर पोट मारायचं, नाही भरली तर घर जायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी रंभाजी पहार घेऊन खोलीवर चढला. विमलबाई रडली नाही, शिव्या देत राहिली. मास्तराला, कंपाउंडरला, कमिटीला, एकेकाला धरून, रस्त्याला ऐकू जातील अशा. रंभाजीचे हात मात्र चालेनात. काम असं पक्कं, की पहार घातली तरी वीट सुटेना. आपल्याच हातांवर तो चिडला. दुपारपर्यंत एक भिंत उतरली. विटा अख्ख्या निघाल्या, टवका न उडता.

संध्याकाळी श्रीमंतराव स्वतः बैलगाडी घेऊन आले. एक वीट उचलून त्यांनी दुसऱ्या विटेवर वाजवली.

"काय खणखणीत माल आहे रे! मला माझ्या देवघराला लागतातच आहेत. तुझ्या विटा मलाच दे. भाव चांगला देईन."

यंदाची पट्टी तर डोक्यावर होतीच. रंभाजीनं मान हलवली आणि विटा गाडीत रचायला लागला.

विमलबाई पुढं आली. "मालक, आदी इटांचं आडनाव तेवढं इचारून घ्या," ती म्हणाली.

श्रीमंतराव बैलांकडं बघत राहिले. रंभाजी तिला गप्प बस म्हणाला नाही. त्यानं गाडी काठोकाठ भरली, आणि बैलांना चढ होता म्हणून मागून खांदाही दिला.