बुडणाऱ्या जहाजाचं चित्र

टोकरखाड्याच्या आमच्या घरात, बाहेरच्या खोलीत एक चित्र होतं. काळा समुद्र, कललेलं जहाज, मोडकी डोलकाठी आणि वर ढगात जरासा उजेड. आमचे हे धाग्याच्या कारखान्यात फिटर होते. त्यांचे साहेब पुण्याला परत गेले तेव्हा चित्र सामानात बसेना, म्हणून आम्हाला देऊन गेले. साहेबांच्या बायकोने मला समजावलं, "पूर्वी युरोपातल्या चित्रकारांना वादळाचं वेड होतं. समुद्र म्हणजे माणसाच्या हाताबाहेरचं सगळं. जहाज म्हणजे माणसाचा जीव. उजेड म्हणजे आशा."

"मग जहाज पोचतं का?"

"ते चित्रकार सांगत नाही, ताई."

मी चौथी शिकलेली. मला ते अर्धवट काम वाटलं.

पुढे हे आजारी पडले. खाट चित्रासमोरच होती. चहा नेला की विचारायचे, "पोचलं का गं?"

"कुठलं! तुमच्यासारखंच पडून आहे."

हसायचे, मग खोकायचे.

ते गेले. मुलगा नाशिकला असतो, रविवारी फोन करतो. रोज येणारं माणूस एकच, शेजारची गुजराती बेन. चहाला यायची. एकदा तिने मोबाईलवर वास्तूचा व्हिडिओ दाखवला. बुडतं जहाज भिंतीवर लावलं की घर रिकामं होतं म्हणे.

"मासी, आधी मुलगा गेला, मग काका. आता तरी काढा."

"मुलगा नोकरीसाठी गेला, हे दम्याने गेले. जहाजाने काय केलं?"

"पण बुडतंय ना ते!"

"अजून बुडालेलं नाही. आणि बुडायचं तर तुला-मलाही आहे."

कप अर्धा ठेवून ती उठली. मग आलीच नाही. मी दार उघडं ठेवून बसायची. दिवसभर तोंडातून शब्द निघायचा नाही. संध्याकाळी दुकानात दूध मागताना आवाज घोगरा यायचा.

शेवटी चित्र उतरवलं आणि आतल्या खोलीत, पलंगासमोर टांगलं. शेजारी जाऊन सांगितलं, "काढलं. ये चहाला."

ती आली. भिंत बघून खूश झाली. "कोणाला दिलं?"

"भंगारवाल्याला."

"सारू कर्युं, मासी. बघा, घर कसं हलकं वाटतंय."

मला तसं काही वाटलं नाही. आता ती यायच्या वेळी मी आतलं दार लावून घेते. ती सुनेच्या तक्रारी सांगते, मी ऐकते. परवा म्हणाली, "आत उकडत असेल, दार उघडा की."

म्हटलं, "पसारा आहे."