पालक म्हणून माझी सही

सरकारी ऑफिसात साहेबांनी शाईचं पॅड ताईपुढे सरकवलं तेव्हा ताईच्या हातात पेन होतं. टोपण काढलेलं पेन. ती सही करायलाच वाकली होती.

"अंगठा घ्या तिचा," साहेब मला म्हणाले. तिच्याकडे न बघता.

"सर, ताई दहावी झालीय. सही करते ती." मी बोलले, पण असं की त्यांनी ऐकलं नसतं तरी चाललं असतं.

"सही करेल हो. पण उद्या म्हणाली, मला काही समजलंच नव्हतं, तर निस्तरायचं कोणी? तुम्ही?"

ताईनं माझ्याकडे बघितलं. भुवया वर. काय म्हणतायत? ताईला जन्मापासून ऐकू येत नाही. आम्ही हातांनी बोलतो. मी हातांनी सांगितलं, नियम आहे, सगळ्यांचाच अंगठा घेतात.

तिनं पेनाला टोपण लावलं. अंगठा पुढे केला. शेजारच्या टेबलावरचा माणूस नुकताच सही करून उठला होता. ते तिनं बघितलं होतं. मीही बघितलं होतं.

मग साहेबांनी अर्ज वाचला. व्यवसाय, ढोलाचे पट्टे शिवणे.

"ऐकू येत नाही आणि ढोलाचे पट्टे! वा. पथकवाल्यांना आता तक्रार करायचीही सोय नाही."

मागच्या टेबलावरचे दोघं हसले. मी पण हसले. मोठ्यानं नाही. ओठ ताणले फक्त. पण हसलेच.

"आता इथे पालक म्हणून तुम्ही करा सही."

"सर, मी लहान आहे तिच्यापेक्षा. आठ वर्षांनी."

"वयाचं नाही हो, कानाचं चाललंय."

मी सही केली. ताईनं बोट ठेवून विचारलं, हे काय? मी हातांनी सांगितलं, साक्षीदार.

हे सगळं दहा-बारा मिनिटांत झालं. बाहेर आल्यावर ताईनं मला उसाचा रस पाजला. काम झालं म्हणून.

आम्ही बिबवेवाडीत दोन खोल्यांत राहतो. आई, ताई आणि मी. आई एका शाळेत साफसफाईचं काम करते. बाहेरच्या खोलीत ताईचं जाड शिलाईचं मशीन आहे. ढोल कमरेला बांधतात तो पट्टा ती शिवते. आत फोम, वर रेक्झिन, चार पदरी शिलाई. वादकाच्या कमरेला काचत नाही म्हणून पथकांची पोरं तिच्याकडेच येतात. ऑर्डर व्हॉट्सअॅपवर येते, माप व्हॉट्सअॅपवर येतं. कोणाला तिच्याशी बोलावं लागत नाही. माझ्या कॉलेजची फी त्या मशीनवर भरली गेली. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली.

पण मशीनचा आवाज होतो. ताईला तो ऐकू येत नाही, खालच्यांना येतो. घरमालकांनी सांगितलं, गणपतीआधी मशीन हलवा, नाहीतर तुम्ही हला. म्हणून तो अर्ज. दिव्यांगांना व्यवसायासाठी सवलतीत जागा द्यायची, त्यात त्यांचा वाटा राखून ठेवायचा, असं कायद्यात आहे. एवढं ताईला माहीत होतं. तिच्या शाळेतल्या मैत्रिणींच्या ग्रुपवर आलं होतं. एक लहानसा गाळा मिळाला तर तिचं काम वाचणार होतं.

मी आठ वर्षांची असल्यापासून ताईसाठी ऐकते. दवाखान्यात, दुकानात, लग्नकार्यात. आईनं एकच शिकवलं होतं, "सगळं सांगायचं नसतं गं तिला. उगाच वाईट वाटतं." मी तेव्हापासून गाळत आले. लोक दहा वाक्यं बोलायचे, मी तीन सांगायचे. ती तीन गोड असायची. मला ते प्रेम वाटायचं.

दोन महिन्यांनी गाळा मंजूर झाल्याचं पत्र आलं. मी कॉलेजात होते. ताईनंच फोडलं. मी घरी आले तेव्हा ती मशीनसमोर बसली होती, मशीन बंद. पत्र माझ्यापुढे धरलं. गाळा माझ्या नावावर होता. पालक व चालक म्हणून. खाली ताईचं नाव, कंसात 'अवलंबित'.

तिनं हातांनी विचारलं, पालक कोण?

मी म्हटलं, तशी पद्धत असते.

कुठे लिहिलंय?

मला राग आला. खरंच राग आला, हे लिहिताना लाज वाटते. एवढी धावपळ केली, दोनदा लेक्चर बुडवलं, गाळा मिळाला, आणि ही विचारते कुठे लिहिलंय. दाखवते म्हटलं. मी राज्यशास्त्राची विद्यार्थिनी. कॉलेजच्या लायब्ररीत जाऊन २०१६ चा दिव्यांग हक्कांचा कायदा काढला. नियम शोधायला. तिला दाखवून गप्प करायला.

नियम सापडला नाही. उलटंच सापडलं. कायद्यापुढे ती माझ्याइतकीच पूर्ण माणूस आहे. मालमत्ता तिच्या नावावर होऊ शकते. कर्ज, बँक, पैशाचे व्यवहार तिचे ती बघू शकते. कोणाला पालक नेमायचंच झालं तर ते न्यायालयानं किंवा त्यासाठी नेमलेल्या अधिकाऱ्यानं करायचं, तेही ठरावीक कामापुरतं आणि त्या माणसाला विचारून. टेबलावर, पॅड सरकवून नाही. चारचौघांत मुद्दाम अपमान केला तर शिक्षासुद्धा आहे.

मी ते पान तीन वेळा वाचलं. त्यात अपमान करणाऱ्यांत मीही बसत होते.

आमच्या पणजोबांनी छप्पन्न साली धर्म बदलला. आपल्या वतीनं दुसऱ्यानं ठरवायचं नाही, म्हणून. हे मी वक्तृत्व स्पर्धेत ठासून बोललेय. बक्षीस आहे घरात. आणि मी माझ्या सख्ख्या बहिणीच्या वतीनं ठरवून, तिच्या अंगठ्याशेजारी सही करून आले होते.

त्या पानांची झेरॉक्स ताईला दिली. तिनं सावकाश वाचली. मग जे विचारलं त्याचा कायद्याशी संबंध नव्हता.

तू का हसलीस त्या दिवशी?

मी सांगितलं. साहेब काय म्हणाले ते, शब्द न गाळता. आयुष्यात पहिल्यांदा.

ती रडली नाही. कागद घेतला आणि अर्ज लिहायला बसली. गाळा मला माझ्या नावानं द्यावा. पालकाची नोंद रद्द करावी. माझी सही ग्राह्य धरावी. आई मध्ये पडली. "अगं, मिळालाय ना? कोणाच्याही नावावर असेना. घरातच आहे ना?" आईचे ओठ ताईला सवयीनं वाचता येतात. तिनं मान हलवली. नाही.

आम्ही परत गेलो. साहेबांनी अर्ज वाचला आणि चष्मा काढला.

"लोकांना गाळा मिळत नाही म्हणून लोक येतात. तुम्ही मिळाला म्हणून आलात."

मी ताईकडे वळले आणि ते जसंच्या तसं हातांनी सांगितलं. साहेब थांबले. माझे हात चालू असेपर्यंत त्यांना थांबावं लागलं.

"तिला कशाला सांगत बसताय? आपण बोलू ना."

हेही सांगितलं.

"हे बघा, नाव बदलायचं तर मंजुरी रद्द. नवा अर्ज, नवी रांग. आणि कायदा मला शिकवू नका. पुण्यात सगळ्यांनाच कायदा येतो."

हेही. ताईनं शांतपणे उत्तर दिलं आणि मी ते तिच्या वतीनं नाही, तिच्या शब्दांत बोलले. "माझ्याकडे बघून बोला. अर्जदार मी आहे."

खोलीत कोणी हसलं नाही. साहेबांनी ताईकडे पाहिलं. पहिल्यांदाच. मग शिपायाला म्हणाले, "पोच द्या यांना." ताईनं पोचेच्या वहीत सही केली. पूर्ण नाव, स्वच्छ अक्षर.

मंजुरी थांबली आहे. पुढच्या महिन्यात वरिष्ठांसमोर सुनावणी आहे. घरमालकांनी मुदत वाढवलेली नाही. मशीन सध्या गोधडीवर ठेवून चालवतो, आवाज कमी व्हावा म्हणून. तो होत नाही. आई माझ्याशी नीट बोलत नाही. तुझ्या शिक्षणानं हातातलं घालवलं, म्हणते. कदाचित घालवलंही असेल. मला माहीत नाही.

ताई आता रोज जुनं काहीतरी विचारते. बघायला आलेल्या मुलाची आई काय म्हणाली होती? डॉक्टरांनी कानाचं मशीन बसवायचं का नाकारलं? मावशी माझ्याकडे बघून काय बोलत होती? मी आठवून आठवून सांगते. काही आठवत नाही, तेही सांगते. एखाद्या दिवशी ती जेवत नाही. मी पुढचं सांगायचं थांबत नाही. बारा वर्षं मी तिचं जग माझ्याकडे ठेवून घेतलं होतं. ते प्रेम नव्हतं. मला त्यात मोठं वाटत होतं.

एक गोष्ट मात्र मी अजून तिला सांगितलेली नाही. वरही लिहिली नाही. पहिल्या दिवशी, अंगठ्याच्या आधी, ताई आधार कार्डाची झेरॉक्स काढायला बाहेर गेली होती. तेव्हा साहेबांनी विचारलं, "हिला व्यवहारातलं काही समजतं का?" आणि मी म्हणाले, "नाही हो, फारसं नाही. मीच बघते सगळं."

कोणी बळजबरी केली नव्हती. साहेबांनी पालकाचा रकाना त्यानंतर काढला. वाट त्यांना मीच दाखवली.

हा कागद मी आज ताईला वाचायला देणार आहे. तिचं मराठी वाचन माझ्याहून चांगलं आहे, समजावून सांगावं लागणार नाही. साहेबांना म्हणालेलं ते वाक्य मी सुनावणीत, सगळ्यांसमोर, माझ्या तोंडानं सांगणार आहे. मी खोटं बोलले होते आणि त्या खोट्यावर तुम्ही गाळा मला दिलात, असं. त्यानंतर तिचं बोलणं माझ्याकडे द्यायचं की दुसरा दुभाषी मागायचा, हे ताई ठरवेल. ती नको म्हणाली तर मी बाहेरच्या बाकावर बसेन. आत काय झालं ते मला कोणी सांगितलं नाही तरी विचारणार नाही.