सुरी कुणाच्या हाती

नारिन शहरातल्या इस्पितळात लोक आम्हाला सिस्टर म्हणतात, पण बहिणीचा मान काही देत नाहीत. डॉक्टर आले की उठून उभे राहतात, आम्ही आलो की शौचाचं भांडं पुढे करतात. मी रोज चिडते. सायराएजे चिडत नसे. थोरल्या बहिणीला आमच्याकडे एजे म्हणतात. वॉर्डातली सगळ्यात जुनी नर्स म्हणून ती सगळ्यांचीच एजे. मला वाटे, हिला कशाचंच काही नाही. पण तिची मुलगी नर्सिंगला जाते म्हणाली, तेव्हा एजेनं घर डोक्यावर घेतलं होतं. "घरात एक मोलकरीण पुरे!"

मागच्या मार्चात बेगायिम जन्मली, दिवस भरायच्या आधीच, मुठीएवढी. आई बेशुद्ध, बाहेर हिमवादळ, त्यात वीज गेली आणि बाळाची काचेची पेटी गार पडू लागली. डॉक्टर आईला वाचवण्यात गुंतलेले. एजेनं कोट उघडला, पोरीला उघड्या छातीशी धरलं, वरून शाल गुंडाळली आणि वीज येईपर्यंत फेऱ्या घालत राहिली. बसले तर डोळा लागेल म्हणून बसली नाही. पोरीच्या टाळूशी ओठ नेऊन काहीतरी पुटपुटत होती. देव मी पाहिलेला नाही, पण त्या दुपारी त्या खोलीत मोठ्यानं श्वास घ्यायचीसुद्धा मला भीती वाटली.

यंदा बेगायिम चालू लागली, तशी तिच्या आजीनं, बातमाआपानं, मेजवानी घातली. नव्यानं चालणाऱ्या मुलाच्या पायांना काळ्या-पांढऱ्या लोकरीचा दोरा बांधून तो कुणाकडून तरी कापून घेतात. कापणाऱ्याचे गुण मुलाला लागतात, म्हणून सुरी कुणाला द्यायची यावरून घराघरांत जुंपते. डॉक्टर दारासमोरच्या मानाच्या जागी, मेंढीचं डोकं त्यांच्या ताटात. एजे दाराशी, सुनांच्या ओळीत, चहा ओतत. कुणी सांगितलं नव्हतं, आपणहून जाऊन बसली होती. मी आतल्या आत धुमसत होते.

बातमाआपा सुरी घेऊन उठली ती थेट दाराकडे आली.

"सायरा, ऊठ. काप."

एजेच्या हातातली चहाची वाटी कलंडली. "आपा, भलतंच काय! डॉक्टर बसलेत ना तिथे. त्यांना द्या."

"त्यांना मान द्यायचा होता, डोकं दिलं. आता पोरीला गुण द्यायचेत."

"माझे कसले गुण? जन्मभर लोकांची भांडी उचलू दे का तिला?" एजेचा आवाज फाटला. "तिला माझ्यासारखी नका करू, आपा."

डॉक्टरांनी हातातला घास खाली ठेवला.

"उचलू दे की," आपा म्हणाली. "सून मरता मरता शुद्धीवर आली होती, तिचं भांडं उचलायला मी गेले तर मला ओकारी आली. सख्खी सासू मी! तू उचललंस, आणि वर तिलाच विचारलंस, थंडी तर वाजत नाही ना गं? एवढं जमणारी माझ्या घरात एक तरी होऊ दे."

एजे उठली. आधी दोन्ही तळहात एकमेकांवर घासून गरम केले, रोग्याला हात लावण्यापूर्वी आम्ही करतो तसे. मग सुरी घेतली, गुडघ्यावर हात टेकून कण्हत खाली बसली आणि बेगायिमच्या पायांतला दोरा कापला. आशीर्वादासाठी हात पसरले.

"माझ्यासारखी हो गं," ती म्हणाली. "फक्त गुडघे तेवढे माझे घेऊ नकोस."