शुक्रवारची साक्ष

साक्ष सुरू होण्याआधी वकिलातीतले ते अधिकारी पँट गुडघ्याशी किंचित वर ओढायचे आणि वाकून टेबलाखाली बघायचे. मग पडद्यामागे, मग कपाटाआड. "बघून घेतलेलं बरं," उठताना म्हणायचे. घराला कुलूप लावून ते चारदा ओढून बघणारी माणसं तुमच्याही पाहण्यात असतील. त्यांतलेच हे.

ओळख झाली ती मामींच्या घरामुळे. मामांनी नाशिकचं राहतं घर मृत्युपत्रानं मामींना दिलं. मामा गेले, आणि सही खोटी आहे म्हणून त्यांच्या पुतण्यानं दावा लावला. मृत्युपत्रावर साक्षीदार दोन. एक वारले, उरलो मी, तोही कुवेतमध्ये. मामींचं छप्पर माझ्या स्मरणशक्तीवर उभं आहे हे कळल्यावर आमच्या घरात सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी चष्मा फ्रीजमध्ये ठेवून घरभर शोधणारा माणूस आहे.

कोर्टानं व्हिडिओवरून साक्ष द्यायची परवानगी दिली. मला वाटलं, झालं, इथल्या एगैला भागातल्या आमच्या हॉलमध्ये लॅपटॉप मांडू. माझे मेहुणे इथल्या एका कंपनीत वकील आहेत, ते बसतील देखरेखीला. पण त्यासाठी कोर्टाला हवा होता आपल्या वकिलातीतला अधिकारी. ते हे, मूळचे लातूरचे. मेहुणे तरीही सोबत वकिलातीत आलेच, बायकोही आली.

"मी वकीलच आहे, मी बसतो की."

"वकील असाल हो. पण ह्यांचे मेहुणेही आहात ना." त्यांनी दार उघडं धरलं. "वहिनी, तुम्हीसुद्धा बाहेर बसा."

तारीख नेमकी शुक्रवारची. नाशिकला कामाचा दिवस, इथे सुट्टी. मी ओशाळून काहीतरी पुटपुटलो.

"नाशिकच्या कोर्टाला आपली सुट्टी काय माहीत? पाणी प्या," म्हणाले आणि कॅमेरा लावू लागले.

उलटतपासात पुतण्याच्या वकिलांनी विचारलं, "सही करताना ते शुद्धीत होते कशावरून?" मी उजवीकडे बघितलं. लग्न झाल्यापासून कुठल्याही प्रश्नाचं उत्तर मी आधी बायकोकडे बघून देतो. ती बाहेर होती, पण मान आपली वळली.

"साक्षीदाराला कुणीतरी पढवतंय," वकील म्हणाले.

साक्ष बाद झाली तर या वयात मामी कुठे जाणार?

अधिकारी शांतपणे उठले. कॅमेरा हातात घेऊन खोलीभर फिरवला. भिंती, रिकाम्या खुर्च्या, पडद्याची मागची बाजू. मग वाकून टेबलाखालीसुद्धा.

"खोलीत साक्षीदार आणि मी, तिसरं कुणी नाही. मी आधीही बघितलंय," त्यांनी न्यायाधीशांना सांगितलं.

"चालू द्या," न्यायाधीश म्हणाले.

मग मला कंठ फुटला. "मामा शुद्धीत होते. पेन उठेना म्हणून माझ्यावर खेकसले. माझ्यासमोर सही केली आणि पेन स्वतःच्या खिशात टाकलं. पेन माझं होतं."

नाशिकला कुणीतरी हसलं.

साक्ष संपली, पडदा काळा झाला. तोवर त्यांनी केसबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं. आता वायर गुंडाळता गुंडाळता विचारलं, "मामी एकट्याच राहतात का हो?"

"एकट्याच."

"हं," म्हणाले आणि बराच वेळ ती वायर नीट करत राहिले.

घर मामींचंच राहिलं. निकाल कळताच मी वकिलातीत फोन लावला, तर त्यांची बदली झालेली. मामींना त्यांना चार ओळी लिहायच्या होत्या, म्हणून मी नव्या अधिकाऱ्यांकडे पत्ता मागितला.

"तसा देता येत नाही, साहेब."

मी चिडून फोन ठेवला. चहा होईपर्यंत राग उतरला. लातूरच्या त्या अधिकाऱ्यांकडे दुसऱ्या कुणाचा पत्ता मागितला असता तर त्यांनी तरी कुठे दिला असता? फक्त फोन ठेवण्याआधी विचारलं असतं, मामी बऱ्या आहेत ना?