ह्याचा मारामारीत उपयोग काय, सिफू?

सिंगापुरात घराच्या दाराशी छत्र्या जशा साठत जातात ना, तसे आमच्या शनिवारच्या क्लासचे किस्से साठलेत. मुद्दाम एकही आणलेली नसते, तरी बघावं तर नऊ निघतात! परवा घरी जेवायला आलेल्या मंडळींना मी एक किस्सा सांगायला घेतला, तर भात गार झाला तरी सांगतच होते. शेवटी नवरा म्हणाला, "सुजाता, तू हे लिहून काढ बाई. म्हणजे लोकांना जेवता तरी येईल."

तर, लिहितेय.

क्लास भरतो पासिर रिसला, समुद्राकाठच्या बागेत. शिकवणारे सत्तरीचे चिनी गृहस्थ. गुरूला चिनी लोक 'सिफू' म्हणतात, म्हणून आम्हीही सिफूच म्हणतो. ते जुनी चिनी युद्धकला शिकवतात. त्यात मुख्य असतो 'फॉर्म', म्हणजे ठरलेल्या क्रमानं एकामागून एक करायच्या हालचाली. लांबून बघणाऱ्याला वाटतं, ही माणसं हवेतली जळमटं काढतायत! पण सिफूंचं म्हणणं, यातली एकूण एक हालचाल खऱ्या मारामारीतून आलेली आहे. ती कशासाठी आहे, हे समजलं तर ती युद्धकला. नाही समजलं तर नाच.

मी वन-नॉर्थच्या बिझनेस पार्कात सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. आठ तास खुर्चीत बसून पाठ धरली, म्हणून क्लासला गेले. पण स्वभाव टेस्टरचा! पहिल्याच दिवशी हात वर करून विचारलं, "सिफू, ह्याचा मारामारीत उपयोग काय? आणि हे खरंच चालतं का, हे तपासायचं कसं?"

सिफू म्हणाले, "माझं मनगट धर. घट्ट."

मी धरलं. त्यांनी फॉर्ममधली पहिलीच हालचाल केली, ती दोन्ही हात सावकाश वर नेऊन खाली आणायची. मी चक्क गवतात मांडी घालून बसले होते! कुठं लागलं नाही, दुखलं नाही. फक्त उभी होते, ती बसलेली होते.

सिफूंनी वरून विचारलं, "बग सापडला?"

*

आमच्या क्लासात एक कुलकर्णी आहेत. बँकेत मोठ्या हुद्द्यावर, सिंगापूरचे नागरिक, आणि कुठलीही गोष्ट शिकली की घरी जाऊन करून दाखवायची हौस. मनगट सोडवायची युक्ती शिकल्या दिवशी ते घरी गेले आणि स्वयंपाकघरात बायकोपुढे उभे राहिले.

"माधुरी, समज मी रस्त्यानं चाललोय. तू मला पकड."

"मला पोळ्या करायच्यात."

"एकदाच पकड गं! जोरात!"

माधुरीताईंनी लाटणं खाली ठेवलं आणि पकडलं. पण मनगट नाही, कान! आणि जोरात म्हणाले होते म्हणून जोरातच पिळला.

पुढच्या शनिवारी कुलकर्णी लाल कान घेऊन तक्रार करायला आले. "सिफू, फॉर्ममध्ये कान पकडल्यावर काय करायचं ते कुठंच नाहीये. ती चुकीचं पकडते!"

सिफूंनी कान नीट बघून घेतला आणि म्हणाले, "बायको बरोबर आहे. शत्रूनं फॉर्म शिकलेला नसतो."

*

फॉर्मच्या मधोमध एक अर्धं पाऊल होतं. डावा पाय पुढे टाकायचा, किंचित अडखळल्यासारखं थांबायचं, मग पाऊल पुरं करायचं. सिफू ते फार सुंदर करायचे. आम्हाला काही केल्या ते जमेना.

कॉफी पिताना त्याच्यावर किती चर्चा झाल्या म्हणून सांगू! कुलकर्णी म्हणायचे, समोरच्याला चकवायला आहे ते. तो आपल्या वेळेआधी वार करतो आणि फसतो. माझं म्हणणं होतं, त्याच्या पायावर पाय द्यायला आहे. क्लासातल्या सगळ्यांत जुन्या मॅडम लिम, वय अडुसष्ट, त्या म्हणायच्या की जमिनीतली शक्ती वर घ्यायला आहे. मी तर घरात व्हिडिओ लावून महिनाभर ते अडखळणं घोटलं. नवऱ्यानं दोनदा विचारलं, "पायाला लागलंय का?"

मधे सिफू दोन महिने आले नाहीत. आले, ते ताजेतवाने होऊन. फॉर्म सुरू झाला. डावा पाय पुढे आला आणि न थांबता सरळ टेकला! आम्ही सगळे मात्र एका तालात अडखळलो.

सिफू चकित होऊन म्हणाले, "हे काय करताय?"

मी म्हटलं, "अर्धं पाऊल, सिफू. तुमचंच."

"ते? ते गुडघ्याचं दुखणं होतं! मी ऑपरेशन करून घेतलं."

*

एक किस्सा माझ्यावरचा आहे, तोही सांगून टाकते.

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात लिटिल इंडियात गेले होते, चकलीची भाजणी आणि मोती रंगाच्या पणत्या आणायला. दुकानात ही गर्दी! तांदळाच्या पोत्यांजवळ उभी होते आणि मागून कुणीतरी माझ्या पर्सचा पट्टा खेचला. एकदा सैल सोडला आणि पुन्हा खेचला.

वाटलं, चोरच! पण खरं सांगते, डोकं चालायच्या आधी अंग चाललं. गुडघे वाकले, कंबर फिरली, एक हात खाली आणि दुसरा आडवा! मागून धाडकन आवाज आला.

वळून पाहिलं तर ट्रॉली आडवी पडलेली. तिच्या दांडीला माझा पट्टा अडकला होता. मुगाची पाकिटं इकडेतिकडे. ट्रॉली ढकलणारा दुकानातला माणूस दोन्ही हात वर करून उभा!

"मॅडम," तो अगदी हळू आवाजात म्हणाला, "ट्रॉली ने क्या किया?"

मी पाकिटं गोळा करत त्याची इतकी माफी मागितली, की शेवटी तोच म्हणाला, "जाने दो मॅडम, हॅपी दिवाली." घरी येईपर्यंत हसू आवरत नव्हतं. चोर नव्हता, हे किती बरं झालं! चोरासाठी बरं, असं नवऱ्याचं म्हणणं.

*

मॅडम लिमची गोष्ट मात्र हसण्यावारी न्यायची नाही.

त्या बसनं बाजारातून येत होत्या. बसायला जागा नव्हती, उभ्या होत्या. त्यांच्या पुढे एक पोटुशी मुलगी. ती नुकतीच आपल्या जागेवरून उतरायला उठली होती. तेवढ्यात सायकलवाला आडवा आला आणि ड्रायव्हरनं कचकन ब्रेक दाबला. मुलीचा हात दांड्यावरून सुटला. ती सरळ दाराच्या पायऱ्यांकडे फेकली गेली.

मॅडम लिम केवढ्या? शिडशिडीत, माझ्या खांद्याला लागतात. पण त्या गुडघ्यांत बसल्या, एक हात दांड्याला, दुसरा त्या मुलीच्या कमरेभोवती, आणि तिचा सगळा भार वळवून स्वतःच्या मांडीवर घेतला. फॉर्ममध्ये समोरून ढकलणाऱ्याला बाजूला वळवून घ्यायची हालचाल आहे, तीच ही! मुलगी त्यांच्या मांडीवर बसली आणि हमसून रडायला लागली. बाळ सुखरूप. पुढे मुलगीच झाली आणि तिच्या बारशासारखं जे करतात त्याला मॅडम लिमना मानानं बोलावलं.

त्या शनिवारी मॅडम लिमनी हे सगळं सिफूंना सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "गुडघा आत वळला होता की बाहेर?"

"बाहेर."

"छान."

मी म्हटलं, "मॅडम लिम, तीस वर्षं शिकलात त्याचं चीज झालं!"

त्या इथल्या सिंगापुरी लकबीत म्हणाल्या, "मला तर आयुष्यात कुणी मारायला आलं नाही, लाह! पण बस रोज मारते."

*

आणि आता बाबांचा.

आई गेली आणि मी बाबांना नांदेडहून इकडे घेऊन आले. आयुष्यभर वर्कशॉपात फिटर म्हणून राबलेला माणूस. आमच्या वस्तीत विहारातली वंदना असो की कुणाचं लग्न, बाबा सगळ्यांच्या पुढे. पण इथं आल्यापासून नुसते खिडकीशी बसून. विचारावं, "बाबा, चहा?" तर, "चालंल." "बाबा, बाहेर जायचं?" तर, "नको." दोन महिने मी त्यांच्या तोंडून दोन शब्दांच्या वर ऐकलं नव्हतं. ऑफिसात मीटिंग चालू असताना माझं लक्ष घरी असायचं. रात्री नवऱ्याला म्हणायचे, चूक केली का रे मी त्यांना उपटून इथं आणून?

एका शनिवारी जवळजवळ ओढतच त्यांना क्लासला नेलं. ते बाकावर बसले, समुद्राकडे तोंड करून.

त्या दिवशी सिफू काठीचा फॉर्म शिकवत होते. त्यात एका जागी काठी पाठीवर घेऊन मान मागे वळवायची असते. तिचं जुनं नाव 'मान वळवून चंद्र पाहणे'. मी सवयीनं विचारलं, "सिफू, ह्याचा मारामारीत उपयोग काय?"

सिफूंनी काठी खाली टेकवली. मग म्हणाले, "मला माहीत नाही. माझ्या गुरूंना विचारायचं होतं. ते गेले. चाळीस वर्षं झाली, मी नुसता चंद्र बघतोय."

असं त्यांच्या तोंडून आम्ही कधीच ऐकलं नव्हतं.

"काय करायलेत गं हे?" मागून आवाज आला. बाबा! बाकावरून उठून आले होते. "वर आभाळात कशाला बघायलेत सगळे? ही काठी समोरच्यासाठी नाहीच."

"बाबा, तुम्हाला येतं हे?"

"आण इकडं."

त्यांनी माझ्या हातातली काठी घेतली, तोलून पाहिली, चप्पल काढून ठेवली. "तुमचे ते कुलकर्णी पुढून येऊ द्या. तू मागून ये. खरं मार, लाजू नको."

मला भीती वाटत होती. शहात्तर वर्षांचं वय, त्यात पायात वेदना. पण कुलकर्णी पुढून गेले, मी मागून दुसरी काठी उचलली. बाबांनी पुढचा वार घेतला, काठी पाठीवर गेली, मान वळली, आणि माझी काठी त्यांच्या पाठीवरच्या काठीवर खणकन आदळली. तिथून त्यांची काठी फिरली ती थेट माझ्या कानाजवळ येऊन थांबली. केस हलले, एवढंच.

"दोघांनी घेरलं तर," बाबा धापा टाकत म्हणाले. "वस्तीच्या तालमीत वस्तादांनी शिकवलं होतं. सोळा वर्षांचा होतो मी."

मी सिफूंना सगळं इंग्रजीत सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. मग एकटेच बाजूला जाऊन ती हालचाल केली. पुन्हा केली. परत आले, बाबांपुढे वाकले आणि मला म्हणाले, "विचार, ह्याला तुमच्याकडे काय म्हणतात?"

बाबा विचारात पडले. "नाव कसलं आलंय? वस्ताद नुसते बोंबलायचे, मागं बघ!"

सिफू वळले आणि क्लासला म्हणाले, "पुन्हा. सगळ्यांनी. नाव घेऊन."

मॅडम लिम, कुलकर्णी आणि चौदा चिनी आजी-आजोबांनी पाठीवर काठ्या घेतल्या, माना वळवल्या आणि सगळे जण पासिर रिसच्या बागेत एका दमात ओरडले, "मागा बा!"

"अरे, बा नाही, बघ!" बाबा चप्पल न घालताच रांगेमधून फिरायला लागले. "बघ! घ कुठं गेला? हां, आजीबाई, तुम्ही म्हणा!"