गोपिकेचं मागणं

कवडू नागपूर स्टेशनाच्या अड्ड्यावर टांगा हाकायचा. शुक्रवारी नावाच्या तलावाजवळ त्याच्या दोन खोल्या होत्या, घरात तो आणि त्याची बायको गोपिका. मूलबाळ नव्हतं, पण घर कधी मुकं नसायचं. भाजी चिरता चिरता गोपिका दुनियाभरच्या गोष्टी सांगायची आणि कवडू अंगणात घोड्याला खरारा करत ऐकायचा.

एका उन्हाळ्यात इतवारीच्या बाजारात घोड्याचा पाय नालीत अडकून मोडला. हाड बाहेर आलं. जनावरांच्या डॉक्टराने गोळी घालायला सांगितलं. कवडूने होकाराची मान हलवली आणि गोळी सुटेपर्यंत घोड्याच्या पाठीवर हात ठेवून बसला. घरी येऊन मात्र ढसाढसा रडला.

"बरं केलं जी, सोडवलं त्याले," गोपिका म्हणाली.

दोन-तीन वर्षं गेली. नवा घोडा टांग्याला रुळला आणि गोपिकेच्या पोटात गाठ निघाली. डॉक्टरीणबाईंनी तपासलं. आता उपाय उरला नव्हता. कळा थांबाव्यात म्हणून त्यांनी अफूच्या अर्काची बाटली दिली आणि बजावलं, "थोडेच थेंब द्या. जास्त झाले तर झोपेतच जाईल."

गोपिकेने ते ऐकलं होतं. दिवाळीनंतर थेंब पुरेनासे झाले. एका दुपारी ती म्हणाली, "बाटली पुरी द्या मले."

"काहीबाही नको बोलू वं."

"घोड्याले सोडवलं, मले काहून नाही?"

"तो जनावर होता."

"त्याले तुम्ही पुसलं नव्हतं. मी त स्वतः मांगून राहिली."

कवडूने बाटली उचलून फळीवर ठेवली. शेवटी म्हणाला, "तू गेल्यावर माह्याशी कोण बोलन?"

"म्हणजे तुमच्यासाठी ठेवून राहिले मले," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. म्हणूनच ते त्याला जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी तो डॉक्टरीणबाईंसमोर उभा राहिला. मान खाली घालून त्याने सगळं सांगितलं.

"मरण्यासाठी मी औषध देणार नाही," बाई म्हणाल्या. "कायदा सोडा, माझाच हात धजणार नाही. पण कळा थांबतील इतकं देते. मग ती झोपूनच राहील, बोलणार नाही. कदाचित दिवसही कमी होतील. चालेल तुम्हाला?"

कवडू व्हरांड्यातल्या बाकावर बराच वेळ बसला. हो म्हणायचं तर तिचा आवाज आपल्याच हाताने बंद करायचा. नाही म्हणायचं तर तिचं कण्हणं ऐकत राहायचं. तो उठला आणि हो म्हणाला.

घरी आल्यावर त्याने गोपिकेपासून काही लपवलं नाही. "मंग आज बसा जवळ," ती म्हणाली. थांबत थांबत, दम खात ती संध्याकाळभर बोलली. माहेरच्या, कुहीच्या धानाच्या शेतातल्या बांध्या, लग्नात उडालेला त्याचा फेटा, त्यावर हसलेल्या तिच्या बहिणी. दिवेलागणीला तिने स्वतःच औषध मागितलं.

त्यानंतर ती फारसं बोलली नाही. काही दिवसांनी सकाळी झोपेतच गेली.

शेजारच्या यमुताईंनी एकदा म्हटलं, "तू तिले सुखानं जाऊ देलं, कवडू."

"जाऊ देलं का धाडलं, मले अजून समजत नाही, ताई," तो म्हणाला. "पण आणखी एक संध्याकाळ मांगून घ्याले पाहिजे होती."

पुढे कितीतरी वर्षं त्याने टांगा हाकला. लोकांनी सुचवूनही दुसरं लग्न केलं नाही. बायकांचं भाडं मिळालं की तो महाल वस्तीपर्यंत घोडा मुद्दाम सावकाश चालवायचा. मागे त्यांच्या गप्पा चालायच्या, आणि त्या उतरून गेल्या तरी तो थोडा वेळ लगाम न हलवता तसाच बसून राहायचा.